मानलेले आणि पोटचे

२०२१ सालच्या डिसेंबरात संसदेने संमत केलेले आणि २०२२ च्या जानेवारीत अंमलात आलेले दोन कायदे, एक सरोगसीचे नियमन करणारा व दुसरा साहाय्यित प्रजननतंत्राचे नियमन करणारा, वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या नजरेखालून फारसे गेलेले दिसत नाहीत. ते वैद्यांचे आणि वकिलांचे क्षेत्र समजले गेले. वास्तविक या कायद्यांच्या केंद्रस्थानी जी तरतूद आहे, ती ललितवाङ्मयाच्या कोणत्याही मर्मज्ञाला थबकावयास लावील अशी आहे. दुसऱ्या स्त्रीच्या उदरी वाढलेले, क्वचित दुसऱ्याच्या बीजापासून उत्पन्न झालेले मूल, ते ज्या दांपत्याने इच्छिले त्या दांपत्याचे ‘जैविक अपत्य’ असल्याचे मानले जाईल, असे कायदा म्हणतो. सरोगसीच्या बाबतीत तर मातापितृत्वाचा आदेश दंडाधिकाऱ्याकडून आधीच मिळवावा लागतो आणि मूल जन्मल्यावर तोच त्याच्या जन्माचा दाखला ठरतो. म्हणजे आईबाप कोण हे प्रथम ठरते आणि मूल मागाहून येते.

‘जैविक’ हा शब्द वस्तुस्थितीचा, ‘मानणे’ हा संकेताचा. या दोहोंना एका वाक्यात गुंफताना कायद्याने जे केले, त्याला न्यायशास्त्रात ‘कल्पित’ म्हणतात. ललितवाङ्मयाचाही व्यवहार कल्पितावरच चालतो. मराठीत ‘मानणे’ या क्रियापदाला आणखी एक पदर आहे. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली आई असे आपण म्हणतो तेव्हा खोटा भाऊ किंवा खोटी आई असा अर्थ आपल्या मनात नसतो. रक्ताने नव्हे, तर शब्दाने जोडलेले आणि म्हणूनच अधिक जपावे लागणारे नाते, असा तो अर्थ असतो. अपत्याच्या बाबतीत मात्र आपण ‘मानलेला मुलगा’ सहज म्हणत असलो तरी त्याच्या शेजारी ‘पोटचा’ हा शब्द दबा धरून बसलेलाच असतो. मराठी कथा-कादंबरीने पितृत्वाच्या प्रश्नाचा जो विचार केला, तो बव्हंशी या दुसऱ्या शब्दाच्या धाकाखाली केला. या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणारे लेखन शोधू जाता दृष्टी वळते ती कावेरीकाठच्या कुंभकोणकडे, आणि तेथे तिला मराठी माणसेच प्रथम भेटतात, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

कुंभकोण या नावातच एक घट आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीचे बीज आणि अमृत एका कुंभात भरून ठेवले, तो कुंभ पाण्यावर तरंगत येथे येऊन थांबला आणि किराताच्या वेषातील शंकराने बाण मारून तो फोडला, अशी तेथील कुंभेश्वराची कथा. या गावाहून थोड्याच अंतरावर तिरुक्करुगावूर येथे गर्भरक्षांबिकेचे देऊळ आहे. त्याचे स्थलपुराण अधिकच विलक्षण आहे. निध्रुव नावाच्या ऋषीची पत्नी वेदिका गर्भवती असताना ऊर्ध्वपाद नावाचा मुनी दारी आला. ग्लानीमुळे तिच्याकडून त्याचे आतिथ्य झाले नाही, त्याने शाप दिला आणि गर्भ स्रवला. तिचा आक्रोश ऐकून देवीने तो गर्भ एका दिव्य घटात ठेवला, दिवस भरेपर्यंत त्याचे पोषण केले आणि मूल आईच्या हवाली केले. अपत्य व्हावे म्हणून तेथे तूप आणि सुखरूप बाळंतपणासाठी एरंडेल अभिमंत्रून देतात, आणि आजही मूल हवे असलेल्या स्त्रियांची तेथे रीघ असते. या कथेत मूल कोणाचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. घट देवीचा असल्यामुळे त्याला काही मागावयाचे नसते. अगस्त्य आणि वसिष्ठ कुंभातून जन्मले, भरद्वाजाचा पुत्र द्रोणात वाढला, गांधारीचे शंभर पुत्र तुपाने भरलेल्या कुंभांत पोसले गेले; यांपैकी एकाही कुंभाने मुलावर हक्क सांगितला नाही. नव्या कायद्यातील सरोगेट स्त्रीचे कल्पनाचित्र पुराणातील या निःस्पृह घटाशी पुष्कळसे जुळते. तिने मोबदला घेऊ नये, एकदाच घट व्हावे आणि मूल हवाली करून निघून जावे. मोबदला घेण्यास बंदी होऊन काही वर्षे लोटली, तरी ‘भाडोत्री माता’ हा शब्दप्रयोग अजून मराठीतून गेलेला नाही. पुराणाने ज्याला दिव्य म्हटले त्याला आपण भाडोत्री म्हटले. दोन्ही वेळा त्या स्त्रीचे नाव विचारावयाचे राहिले.

धर्मशास्त्राला हा प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सोडविता आला नाही. मनूने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या तिसऱ्या खंडात त्यांची साक्षेपी छाननी केली आहे. औरस आणि दत्तक हे सर्वांस ठाऊक असतात. परंतु त्याच यादीत नियोगाने झालेला क्षेत्रज आहे, कुमारिकेचा कानीन आहे, गर्भिणी वधूबरोबर आलेला सहोढ आहे, आणि घरात गुप्तपणे उत्पन्न झालेला, ज्याचा जनक कोण हे नक्की नाही असा गूढोत्पन्नही आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मनूने या गूढोत्पन्नाला पहिल्या सहांत, म्हणजे वारसा मिळणाऱ्यांत घातले आहे आणि कानीनाला दुसऱ्या सहांत. कर्णाचे दुःख केवळ व्यासांच्या प्रतिभेचे नव्हे, ते वर्गीकरणाचेही आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या नावाखाली बारांचे दोन झाले, औरस आणि दत्तक तेवढे उरले. प्रयोगशाळेने आता त्या मिटविलेल्या रकान्यांपैकी काही पुन्हा उघडले आहेत. क्षेत्रजाचे नाव बदलले, इतकेच.

दत्तकाच्या मुळाशीही एक कल्पित आहे. दत्तक पुत्र ‘पुत्रच्छाया’ धारण करणारा असावा, असे शौनकाचे वचन. त्याचा अर्थ नंदपंडिताने ‘दत्तकमीमांसे’त असा लावला की घेणाऱ्याकडून नियोगादी मार्गाने जो उत्पन्न होणे शास्त्रतः शक्य होते, तोच दत्तक घेता येईल. म्हणून बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा वर्ज्य. म्हणजे कल्पितालाही संभाव्यतेची मर्यादा होती; जे झाले नाही ते मानावयाचे, पण जे होणे अशक्य ते मानावयाचे नाही. कादंबरीकाराला याहून वेगळा नियम कोणी घालून देत नाही. दक्षिणेतील ब्राह्मणांनी ही मर्यादा रूढीने ओलांडली, बहिणीचे आणि मुलीचे मुलगे दत्तक घेतले, आणि मद्रास उच्च न्यायालयाने ती रूढी १८८० च्या दशकात ग्राह्य धरली. आपल्या नव्या नियमांचीही अशीच ओढाताण झालेली आहे. २०२३ साली सरोगसीसाठी स्त्रीबीज आणि पुरुषबीज दोन्ही त्या दांपत्याचीच हवीत असे ठरले. २०२४ साली वैद्यकीय कारण असल्यास एक बीज दात्याचे चालेल असे ठरले. छाया किती दाट असावी, हा शौनकाचाच प्रश्न आजही चालू आहे.

या प्रश्नावर एक राज्य टांगले गेले होते आणि ते मराठी राज्य होते. तंजावरचे तुळजाजी राजे १७८७ साली निधन पावले. त्यांनी मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतले होते. सावत्र बंधू अमरसिंहांनी आक्षेप घेतला, पंडितांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरविले आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे दुसऱ्या पंडितांनी तेच दत्तविधान सशास्त्र ठरविले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच होते. कंपनी सरकारची सोय बदलली होती. पदच्युत अमरसिंह कुंभकोणजवळच्या तिरुविडैमरुदूर येथे, म्हणजे मराठी कागदांतील मध्यार्जुनास, आपला लहानसा दरबार घेऊन राहिले. इकडे सरफोजींनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर ‘भोसले वंशचरित्र’ कोरविले. बाबूराव चिटणीसांनी रचलेला हा मराठी शिलालेख इतिहासाचे साधन म्हणून वाखाणला जातो, त्याच्या प्रचंड लांबीचे कौतुक होते. पण तो वाङ्मय म्हणून वाचला तर त्यामागील व्याकुळता जाणवल्यावाचून राहत नाही. ज्याचे पुत्रत्व दोनदा पंडितांच्या हाती गेले, त्या पुरुषाने राज्य हाती येताच पाच वर्षांत आपल्या पूर्वजांची मालिका दगडात खोदून घेतली. औरस पुत्राला वंशावळ तोंडपाठ असली तरी पुरते. दत्तकाला ती भिंतीवर लागते. जन्माच्या आधी न्यायालयाचा आदेश मिळविणाऱ्या आजच्या आईबापांना सरफोजींची ही निकड परकी वाटणार नाही.

(याच कुंभकोणात १८२८ साली जन्मलेले मराठी भाषक सर टी. माधवराव पुढे बडोद्याचे दिवाण झाले. १८७५ साली जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि सयाजीराव घडविण्याचे काम ज्यांच्यावर पडले त्यांत माधवराव प्रमुख होते. दत्तक राजांच्या इतिहासात अयशस्वी प्रयोग पुष्कळ आहेत. हा मात्र कोणत्याही औरसाने हेवा करावा असा ठरला.)

तंजावरच्या भोसल्यांचे घराणे १८५५ मध्ये पुरुष वारसाअभावी राज्याला मुकले, परंतु मालमत्तेवरील दावे पुढे कित्येक दशके चालले. राजवाड्यातील ज्या स्त्रियांशी विधिपूर्वक विवाह न होता खड्गाच्या साक्षीने संबंध जोडला गेला, त्यांच्या मुलांचे काय, हा त्या दाव्यांतला एक कठीण प्रश्न होता. १९२४ साली मद्रास उच्च न्यायालयाने हे घराणे क्षत्रिय नसून शूद्र होय, असा निर्णय दिला. वर्णाचा हा वाद वरकरणी मानापमानाचा दिसतो. वस्तुतः तो अपत्याचा होता, कारण शूद्राच्या दासीपुत्राला वारसा मिळतो आणि क्षत्रियाच्या मिळत नाही. बाप कोण हे सर्वांना ठाऊक होते. तो बाप कोणत्या वर्णाचा, यावरून तो बाप ठरणार होता.

ति. जानकीरामन यांची ‘मोगमुळ’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. नावाचा अर्थ मोहाचा काटा. जानकीरामन यांचा जन्म तंजावर जिल्ह्यातला, १९२१ चा. १९७९ साली त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८२ साली ते वारले. ‘स्वदेशमित्रन’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी कुंभकोणची कादंबरी म्हणून ओळखली जाते. संगीत शिकणारा बाबू आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी यमुना यांची ही कथा सहसा वयातील अंतर ओलांडणाऱ्या प्रेमाची कथा म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेच. परंतु यमुना अविवाहित का राहिली, याचे उत्तर तिच्या वयात नाही, तिच्या जन्मात आहे. तिची आई पार्वती मराठा, वडील तमिळ ब्राह्मण जमीनदार आणि पार्वती त्यांचे दुसरे घर. वर पाहावयास येतात, कुळ विचारतात आणि परत जातात. वडिलांच्या पश्चात पहिल्या घराकडून येणारा आधारही आटत जातो. १९४९ च्या कायद्याने भिन्न जातींतील हिंदू विवाह निःसंदिग्धपणे वैध ठरविले, पण यमुनेच्या वाट्याला आलेला काळ त्याच्या अलीकडचा आहे.

जानकीरामन यांचे सामर्थ्य असे की त्यांनी यमुनेला बिचारी केले नाही. ती स्वाभिमानी आहे, तिच्या वागण्यात एक राजस अलिप्तता आहे आणि तिच्या सौंदर्याचे वर्णन करताना लेखक तंजावरच्या त्या मावळलेल्या मराठी दरबाराची प्रभा तिच्या भोवती ठेवतो. मात्र त्या प्रभेवर पोट भरत नाही, हेही तो विसरत नाही. उत्तरार्धात कथा मद्रासेस जाते तेव्हा कादंबरीची वीण सैल पडते आणि संगीताविषयीचे विवेचन, कितीही रसपूर्ण असले तरी, कथेला जड होते. परंतु यमुनेचे दारिद्र्य आणि तिचा शेवटी मिळणारा होकार या दोन ठिकाणी लेखक कोठेही सूर चुकत नाही.

यमुनेच्या प्रकरणातून जे निष्पन्न होते ते मराठी वाचकाला अनपेक्षित आहे. तिचा बाप कोण, याविषयी कोणालाही शंका नाही. तो तिच्यावर माया करीत होता. रक्त खरे आहे, पितृत्व उघड आहे आणि तरीही तिला घर नाही. रक्त सिद्ध झाले की न्याय झाला, अशी जी आपली भाबडी समजूत असते, तिला येथे तडा जातो.

१९६६ साली प्रसिद्ध झालेली ‘अम्मा वंदाळ’ हा जणू या कथेचा उलटा छाप आहे. कावेरीकाठच्या वेदपाठशाळेत सोळा वर्षे अध्ययन करून अप्पू मद्रासेस आपल्या घरी जातो. त्याचे वडील दंडपाणी विद्वान पण साधे गृहस्थ आहेत, मुद्रिते तपासून संसार चालवितात. आई अलंकारम् नावाप्रमाणेच तेजस्वी, घरावर सत्ता चालविणारी. शिवसू नावाचा एक श्रीमंत पुरुष त्या घरी येतो-जातो, आणि हळूहळू अप्पूच्या ध्यानात येते की आपली धाकटी तीन भावंडे त्याची आहेत. वडिलांना हे ठाऊक आहे. सर्वांनाच ठाऊक आहे. अप्पूला लहानपणी वेद शिकावयास पाठविले, ते आईच्या पापाचे क्षालन व्हावे म्हणून. शेवटी तो पाठशाळेत परततो, जिच्या प्रेमापासून तो पळाला होता त्या विधवा इंदूकडे परततो. आई त्याला भेटावयास तेथे येते आणि काशीला निघून जाते.

या घरातील धाकटी तीन मुले कायद्याच्या दृष्टीने निःसंशय दंडपाणींची आहेत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११२ व्या कलमाप्रमाणे, वैध विवाह चालू असता जन्मलेले मूल पतीचेच, पतिपत्नींना परस्परांजवळ येण्याची संधीच नव्हती असे सिद्ध झाल्याखेरीज. ते कलम आता नव्या साक्ष्य अधिनियमात ११६ व्या क्रमांकाने उभे आहे, आणि औरसत्व ठरले की पितृत्वही ठरले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीतही सांगितले. रक्ताची परीक्षा उपलब्ध असूनही कायदा शक्यतो ती करू इच्छीत नाही. मनूचा गूढोत्पन्न आणि हे कलम यांच्यामध्ये दोन हजार वर्षे आहेत, पण दोघांचे म्हणणे एकच: मुलाचे घर मोडू नये म्हणून घरधन्याने मौन पाळावे. दंडपाणी ते पाळतात. त्यांच्या मौनाला भ्याडपणा म्हणावे की औदार्य, हे जानकीरामन सांगत नाहीत, आणि न सांगण्यातच या पात्राचे मोठेपण आहे.

तेव्हा यमुनेचे रक्त खरे आणि तिला घर नाही. शिवसूच्या मुलांचे रक्त वेगळे आणि त्यांना घर आहे. राहिला अप्पू. रक्तानेही तो दंडपाणींचा, कायद्यानेही त्यांचाच. दोन्ही कसोट्यांना उतरणारा तोच मुलगा घराबाहेर गेला, आणि ज्यांच्यामुळे त्याला जावे लागले ती मुले घरात वाढली. अलंकारम् जी किंमत चुकवावयास निघाली, ती प्रत्यक्षात त्याने चुकविली. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे जानकीरामन यांचा विषय व्यभिचार नसून देणे-घेणे आहे, हे उघड होते. आईबाप होण्याची इच्छा एकाची, तिचे मोल दुसऱ्याच्या माथी. ‘अम्मा वंदाळ’ प्रसिद्ध झाल्यावर सनातनी वाचक खवळले ते आईच्या वर्तनावरून. अप्पूवरून कोणी खवळले नाही, आणि त्या रोषाचे खरे अपुरेपण हेच होय.

कादंबरी निर्दोष आहे असे नाही. ज्यांच्या जन्माभोवती सगळे कथानक फिरते त्या तीन धाकट्या मुलांना लेखकाने आवाज दिलेला नाही; ती घरात आहेत, खेळतात, वाढतात, पण त्यांना काय कळते आणि काय कळत नाही, हे वाचकाला कळत नाही. शिवसूही येरझारा घालणाऱ्या सावलीपलीकडे जात नाही. आजच्या वाचकाला ही उणीव विशेष बोचेल, कारण नव्या कायद्याखाली जन्मणारी मुले नेमकी या तिघांच्या जागी असतील: कागद पक्का, घर पक्के आणि एक गोष्ट सर्वांना ठाऊक, त्यांना सोडून.

मराठीने या प्रश्नाला जे दिले ते याच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. मराठीत मूल बोलते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ साली कर्णाला शेकडो पाने बोलते केले. त्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी युधिष्ठिराचा जनक विदुर असावा, ही शक्यता संयत तर्काने मांडली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने १९८४ साली हा प्रश्न पुराणातून काढून शाळेच्या दाखल्यावर आणला: बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहावयाचे? या शीर्षकातील हिशेब सोनाराचा आहे. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशा, एक मासा उणा. माणसाच्या जन्माला सोन्याचा कस लावणारा हा शब्द मराठीत सहज रुळला, हीच आपल्या समाजाची साक्ष. लिंबाळे यांनी तो शब्द शिवी म्हणून स्वीकारला आणि पुस्तकाच्या पाठीवर छापला; त्यातली धग आजही निवालेली नाही.

तथापि कर्ण असो वा ‘अक्करमाशी’चा नायक, दोघांच्याही दुःखाचे गृहीतक एक आहे. रक्त हे सत्य आणि समाजाने अथवा कायद्याने केलेली नोंद हे असत्य. कर्णाला राधेने वाढविले, पण कथेचा कळस कुंती भेटते तेथे होतो. लिंबाळे यांच्या बाबतीत हे गृहीतक सर्वस्वी न्याय्य आहे, कारण तेथे बाप सामर्थ्यवान आहे, तो नाव नाकारतो आणि त्या नाकारण्याला जातीचे बळ आहे. परंतु जेथे नाव नाकारणारा कोणी नाही, उलट नाव देण्यासाठी दोघे जण न्यायालयात उभे आहेत, तेथे हेच गृहीतक लावले तर मानलेले प्रत्येक मातापितृत्व लबाडी ठरते आणि बीज देणारा अनोळखी पुरुष उगाच सूर्यनारायण होतो.

समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय’ या चित्रपटात हीच अडचण दिसते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच्या कथेवरून पुढे हिंदी चित्रपटही निघाला. दिग्दर्शिका स्वतः वकील, विषय धाडसी: परदेशी स्त्रीसाठी गर्भ वाहणारी खेड्यातील मराठी स्त्री आणि तिच्याकडेच राहिलेले गोरे मूल. पण नायिकेचे नाव यशोदा आणि मुलाचे नाव माधव ठेवल्याबरोबर प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाच्या हाती आयते येऊन पडते. गोकुळ एकदा उभे राहिले की मग दोन आयांच्या अश्रूंची तुलना तेवढी करावयाची राहते. न्यायालयांसमोर हा प्रश्न इतका सुबक रूपात आलेला नव्हता. २००८ साली आणंद येथे एका जपानी दांपत्यासाठी सरोगेट मातेच्या पोटी मुलगी जन्मली, तोवर दांपत्याने घटस्फोट घेतलेला होता आणि तिला नेण्यासाठी लागणारे कागद कोणाच्या नावे करावेत हे कळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००९ मध्ये एका जर्मन दांपत्याच्या जुळ्या मुलांच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने जन्म देणाऱ्या भारतीय स्त्रीलाच माता मानले, स्त्रीबीज तिचे नसतानाही. बारा वर्षांनी कायद्याने याच्या नेमके उलट मानले. या दोन निवाड्यांमधील स्त्रियांविषयी एकही समर्थ मराठी कथा लिहिली गेलेली दिसत नाही, आणि दोष विषयाच्या नवेपणाचा नाही. मराठी कथेने मुलाची व्यथा गायिली, बापाचे पाप मोजले. घटाकडे तिचे लक्ष गेले नाही.

म्हणून ‘मोगमुळ’मधील पार्वतीकडे पुन्हा वळावेसे वाटते. यमुनेच्या तेजापुढे ती झाकोळून जाते आणि समीक्षकांनीही तिला बाजूला ठेवले. दोन घरांमधली, दोन भाषांमधली ही स्त्री आपल्या मुलीला घर देऊ शकत नाही, कारण ती स्वतः कोणत्याच नोंदीत नीट बसत नाही. एखाद्या अनुवादकाने ही कादंबरी मराठीत आणावयाची म्हटली तर त्याची खरी कसोटी तिच्यापाशी आहे. ‘अम्मा वंदाळ’च्या शीर्षकातील क्रियापद तमिळमध्ये आदरार्थी ‘वंदार’ऐवजी साधे आहे आणि त्या साधेपणातली सूक्ष्म धार ‘आई आली’ या मराठीत उतरत नाही, कारण आमची आई नेहमी ‘आली’च असते आणि वडील ‘आले’ असतात. तेथे अनुवादकाचा नाइलाज आहे. पार्वतीच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती निवड आहे. मूळ कादंबरीत तिचे मराठीपण तमिळ वाक्यांतूनच वाचकापर्यंत येते. मराठीत सगळीच पात्रे मराठी बोलू लागली की तिचे वेगळेपण पुसले जाणार. तिच्या तोंडी तीनशे वर्षे कावेरीचे पाणी प्यालेली तंजावरी मराठी घालावी, म्हणजे ज्या भाषेत ती यमुनेला निजविताना बोलली असेल ती भाषा तिला परत मिळेल. की तसे केल्याने पुण्यामुंबईच्या वाचकाला ती हास्यास्पद वाटेल? या निर्णयासाठी तंजावरी मराठीचे बोलते नमुने हाताशी हवेत, आणि ती घरात बोलणारी वृद्ध माणसे कुंभकोण-तंजावरच्या गल्ल्यांतून दरवर्षी कमी होत आहेत.